खिडकीला डबल काच लावू की बांबूच्या चिकाचा पडदा?

एप्रिल लागला की या सदराकडे खिडक्यांचे प्रश्न सुरू होतात, आणि यंदा निम्म्या पत्रांत ‘डबल ग्लास’ हाच शब्द आहे. कुणी प्रदर्शनात स्टॉल बघून आलंय, कुणाच्या सोसायटीत खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर येऊन काचेच्या मागे तापलेला दिवा लावून, ‘बघा हात ठेवून, लागतंय का काही’ असा डेमो दाखवून गेलाय. डेमो खोटा नसतो हो, पण डेमोची काच आणि कोटेशनमधली काच एकच आहे का हे कुणी विचारत नाही, सगळी गंमत तिथेच आहे. चला, पत्रं घेऊ.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा फ्लॅट सिंहगड रोडला, चौथा मजला. बेडरूमची खिडकी पश्चिमेला, ६ फूट बाय ४ फूट, बिल्डरने दिलेली साधी अॅल्युमिनियम स्लायडिंग. दुपारी तीननंतर खोलीत बसवत नाही. एक जण म्हणतोय यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट) आणि डबल ग्लास टाका, एसीचं बिल अर्धं होईल. साध्या काचेपेक्षा चौरस फुटाला ४०० रुपये जास्त सांगतोय. टाकू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : थांबा, आधी जरा आकडेमोड करू, कारण बिल अर्धं होईल हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय आणि बोलणाऱ्याने कधी गणित मांडलेलं बघितलं नाही.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी आत येते. बाहेर ४० आणि आत २५ डिग्री असेल तर त्या फरकामुळे काचेतून झिरपत येते ती एक वाट, तिचं माप म्हणजे यू-व्हॅल्यू, एक डिग्री फरकाला चौरस मीटरमागे किती वॅट ते. आणि ऊन थेट काचेतून आत घुसतं ती दुसरी, तिचं माप एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा शेवटी आत उष्णता म्हणून पोचतो ते. दोन्ही आकडे जितके कमी तितकं आपल्याकडे बरं.

तुमची खिडकी २४ चौरस फूट, म्हणजे साधारण २.२ चौरस मीटर. साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू ५.७ च्या आसपास असते, म्हणून १५ डिग्री फरकाला झिरपून येणारी उष्णता झाली सुमारे १९० वॅट. आता ऊन. पश्चिमेच्या उभ्या काचेवर दुपारी ५०० वॅट दर चौरस मीटर धरा, म्हणजे खिडकीवर पडले ११०० वॅट, आणि साधी काच त्यातले ८२ टक्के आत सोडते, म्हणजे ९००. एकशेनव्वद कुठे आणि नऊशे कुठे! तुमचा शत्रू बाहेरची गरम हवा नाहीये, ऊन आहे.

आता साधी डबल काच लावली, म्हणजे दोन पारदर्शक काचा आणि मधे १२ मिमी बंद हवा, तर यू-व्हॅल्यू २.८ वर येते. झिरपणारी उष्णता १९० ची ९० झाली, छान. पण ऊन? दोन्ही काचा पारदर्शकच आहेत, ७० टक्के ऊन तरी आत येणारच, म्हणजे ७७० वॅट. एकूण १०९० वॅटचे ८६० झाले. आणि हे फक्त या खिडकीचं झालं, तुमच्या एसीला भिंती आहेत, छत आहे, तुम्ही आहात, फ्रीज आहे. बिल अर्धं कुठून होणार?

खरा फरक पडतो तो डबल काचेत लो-ई कोटिंग असेल तर, तेही ऊन अडवणाऱ्या जातीचं. लो-ई म्हणजे काचेवर चांदीचा इतका पातळ थर की आरपार दिसतं, पण उष्णतेला तो परत फिरवतो. थर्मासच्या आत जी चकाकी असते ना, काम तेच. अशा काचेचा एसएचजीसी ०.३ धरला तर ऊन येईल ३३० वॅट, झिरप ५० च्या आसपास, एकूण ३८०. म्हणजे १०९० वरून ३८०. दिव्याच्या डेमोत बहुतेक वेळा हीच काच असते. आणि कोटेशनमध्ये नुसतं ‘डबल ग्लास’ लिहिलेलं असतं.

पैशाचं सांगायचं तर ही ७०० वॅट उष्णता उपसायला एसीला साधारण २०० वॅट वीज लागते. रोज चार तास, उन्हाळ्याचे शंभर दिवस, झाले ८० युनिट. दहा रुपयांनी धरलं तरी वर्षाचे ८०० रुपये. तुमचे जादाचे पैसे २४ गुणिले ४००, म्हणजे ९६००. लो-ई काच त्या ४०० मध्येच देत असेल तरी बारा वर्षं लागतील वसूल व्हायला. खोलीत बसवेल, एसी लवकर गार करेल, आवाज थोडा कमी होईल, या सुखासाठी लावा, मी नाही म्हणत नाही. बिलासाठी लावू नका.

त्याआधी एक स्वस्त गोष्ट करून बघा, खिडकीच्या बाहेरून चिक लावा, बांबूचा, किंवा बाहेरच्या बाजूचं रोलर ब्लाइंड. बाहेरून हं! आत लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे उष्णता घरात आलीच, ती आता काचेतून परत बाहेर जात नाही, पडदा तापतो आणि खोलीला तापवत बसतो. बाहेरच्या चिकावर ऊन अडलं की ती भानगड बाहेरच संपते. छज्जा वाढवायचा विचार करत असाल तर पश्चिमेला त्याचा फार उपयोग नाही, दुपारचं ऊन तिरपं येतं, छज्जाच्या खालून घुसतं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य अगदी डोक्यावर, म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन फारसं नसतंच, सगळा मार पूर्व आणि पश्चिमेला. बाहेर काही टांगायचं तर सोसायटीला विचारा, दर्शनी भाग बदलतो म्हणून कमिटीवाले हटकून आडवे येतात, पण सगळ्या पश्चिमेच्या फ्लॅटवाल्यांनी मिळून एकाच रंगाचे लावतो म्हटलं की बऱ्याचदा ऐकतात.

आणि पुण्यात आहात, रात्री खिडक्या उघडा. एप्रिलच्या रात्री हवा चांगली गार होते, ती फुकट आहे.

प्रश्न : आमचं नागपूरला स्वतःचं घर आहे, वर एकच मजला. रिनोव्हेशन काढलंय, तर सगळ्याच्या सगळ्या खिडक्या यूपीव्हीसी डबल ग्लासच्या करून टाकाव्या असं मुलाचं म्हणणं, तो बंगलोरला असतो. हॉलमध्ये आणि मधल्या खोलीत कूलर आहे, एसी फक्त आमच्या बेडरूममध्ये. काय करावं?
– एक आजोबा, नागपूर

उत्तर : काका, मुलाला प्रेमाने सांगा की बंगलोर वेगळं आणि नागपूर वेगळं. कूलर चालतो तो बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढून, आणि जेवढी हवा तो आत ढकलतो तेवढी दुसरीकडून बाहेर जायलाच हवी. खिडक्या घट्ट बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोली नुसती दमट होते, अंगाला चिकचिक, आणि कूलरलाच शिव्या बसतात. तेव्हा कूलरच्या खोल्यांत महागडी हवाबंद खिडकी म्हणजे पैसे देऊन कूलर बिघडवणं. तिथे चांगली उघडणारी साधी काच, जाळी आणि बाहेरून सावली एवढं पुरे. पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून वर पाणी शिंपडायचे, त्यात सावली, गारवा आणि वारा तिन्ही होतं, आणि तो वास! (माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे वाळा म्हटलं की मी वाहवत जाते, असो.)

डबल काच करायचीच तर फक्त एसीच्या बेडरूमची करा. तिथे बाहेर ४५ आणि आत २५, वीस डिग्रीचा फरक, त्यामुळे यू-व्हॅल्यूचा फायदा पुण्यापेक्षा जास्त. लो-ई घ्या, आणि कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला येईल असं लिहून घ्या. युरोपात थंडीसाठी ते आतल्या काचेवर लावतात कारण त्यांना घरातली ऊब घरात ठेवायची असते, आपल्याला उलटं. काच उलटी बसवणारे महाभाग मी बघितलेत, दिसायला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात त्यामुळे कारागिराला वाटतं काय फरक पडतो.

आणि एकच मजला म्हणालात ना? मग खिडकीच्या आधी छत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली उष्णता सोडतो. उन्हाळ्याआधी गच्चीला चुना किंवा पांढरा कूल रूफ पेंट मारा, खर्च खिडक्यांच्या मानाने काहीच नाही. उरलेल्या पैशात मुलाला भेटून या.

प्रश्न : रत्नागिरीजवळ घर बांधतोय, समुद्र दिसतो. यूपीव्हीसी घ्यावं की अॅल्युमिनियम? भावाच्या घरी स्लायडिंगमधून पावसाचं पाणी आत येतं, तसं नको.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्याकडे काच एकेरी की दुहेरी हा प्रश्न दुसरा, पाणी पहिला. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी जाणारच, ते बाहेर काढायला ट्रॅकला बाहेरच्या बाजूने भोकं असतात. बसवताना ती सिलिकॉनने बुजवतात, नाहीतर नंतर माती आणि मुंग्यांनी बुजतात, आणि मग ट्रॅकची परात होते. भावाला सांगा आधी ती भोकं तारेने साफ करून बघ, कदाचित तेवढंच असेल. तरी जोराच्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यात स्लायडिंगचे ब्रश हवा आणि पाणी दोन्ही सोडतात. त्या अंगाला दारासारखी उघडणारी केसमेंट खिडकी घ्या, तिची पाकळी रबराच्या गॅस्केटवर चारी बाजूंनी दाबून बसते. खिडकीखालची कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच हवी, गवंड्याला आत्ताच सांगा, नंतर होत नाही.

केसमेंटचा अजून एक फायदा. दोन पाकळ्यांची स्लायडिंग कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही. कोकणासारख्या दमट हवेत वारा हाच एसी. बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत खात्याच्या) २०१८ च्या इको-निवास संहितेत अशा हवामानासाठी घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, उघडता येणारी जागा सांगितलीय. स्लायडिंगने ते गाठायचं तर खिडक्या दुप्पट लागतील.

मटेरियलचं म्हणाल तर यूपीव्हीसी गंजत नाही आणि उष्णता जवळजवळ वाहून नेत नाही, अॅल्युमिनियम मात्र तव्यासारखं तापतं. पण यूपीव्हीसीच्या आत ताकदीसाठी लोखंडाची नळी घालतात, ती चांगलं गॅल्व्हनाइजिंग केलेली आहे का आणि सगळ्या पाकळ्यांत खरोखर घातलीय का हे कापलेल्या टोकाकडून बघून घ्या. मोठी समुद्राकडची खिडकी असेल तर चांगल्या पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियमही चालेल. बिजागऱ्या, स्क्रू मात्र स्टेनलेस, ३१६ ग्रेडचे मिळाले तर तेच. खारी हवा आधी स्क्रू खाते.

प्रश्न : घाटकोपरला मेन रोडवर दुसरा मजला. हॉर्नने जीव नकोसा झालाय. डबल ग्लास लावली की आवाज बंद होतो ना? आणि पावसाळ्यात एसी चालू असला की काचेवर बाहेरून धुकं येतं, ते पण जाईल का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : बंद नाही होत, कमी होतो, आणि किती ते काचेपेक्षा फटींवर ठरतं. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. खिडकीच्या कडेने अगरबत्ती फिरवून बघा, पंखा बंद करून, वारा असेल त्या दिवशी. धूर कुठे हलतो ते खडूने खूण करा. एसीच्या पाइपाचं भोक आणि बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या विसरू नका, लाखाची खिडकी लावून आवाज तिथून येतो.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. प्रोफाइल चांगलं, काच चांगली, सगळं निवडून घेतलेलं, आणि बसवणाऱ्याने चौकट आणि भिंत यांच्यातल्या बोटभर फटीत थर्माकोलचे तुकडे कोंबून वर सिमेंटने लिंपलं. मी त्या दिवशी साईटवर नव्हते. पहिल्याच पावसात आतलं प्लास्टर फुगलं आणि वारा आला की खिडकी शीळ घालायची. शेवटी कडा फोडून फोम भरून बाहेरून सिलिकॉन मारून घेतला, तेव्हा कुठे गप्प बसली. मी दुसऱ्यांना सल्ले देणारी बाई, माझी ही गत! तेव्हा बसवण्याच्या दिवशी रजा टाका.

आता काच. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असल्या की एकाच सुरात थरथरतात, आवाज त्या सुरात निसटतो. म्हणून एक ६ मिमी आणि दुसरी वेगळी, शक्यतो लॅमिनेटेड, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेसारखी मधे पापुद्रा असलेली. १२ मिमीच्या फटीचा बसच्या घरघरीवर फारसा उपयोग होत नाही. भिंत जाड असेल तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतून चार इंच सोडून दुसरी घट्ट खिडकी बसवा, आवाजाला तो उपाय बहुतेक वेळा जास्त लागू पडतो आणि दर्शनी भाग बदलत नाही म्हणून कमिटीपण गप्प. आवाज १० डेसिबलने कमी झाला तरी कानाला निम्मा वाटतो. फक्त खिडकी सतत बंद ठेवणार तर ताज्या हवेची काहीतरी सोय करा, पहाटे तासभर तरी उघडा.

बाहेरचं धुकं म्हणजे खिडकीचा दोष नाही. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी ओली की काच जरा गार झाली की तिच्यावर दव धरतं, गार पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं. तुम्ही एसी १८ वर ठेवता ना? आणि झोत थेट काचेवर? झोत फिरवा, आणि २४ वर या. जानेवारी २०२० पासूनचे एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वरच असतात, तिथून खाली नेणारे आपणच. डबल काचेने बाहेरची काच कमी गार होते, त्यामुळे दव खूप कमी होईल, पण फक्त त्यासाठी खर्च नका करू.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला जुनं घर घेतलं. दोन खिडक्यांत दोन काचांच्या मधेच धुकं दिसतं, पुसता येत नाही. आणि हिवाळ्यात बाकीच्या काचांवर आतून ओघळ येतात, कोपऱ्यात काळी बुरशी. सगळ्या खिडक्या बदलायचा दहा हजार पौंडांचा आकडा आलाय.
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत, एकच औषध देऊ नका. काचांच्या मधलं धुकं म्हणजे त्या काचेच्या डब्याचं सील गेलं. दोन काचांच्या कडेने जी धातूची पट्टी असते तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात, सील फुटलं की ते दाणे भरून जातात आणि मग ओल काचेवर. भोक पाडून सुकवून देतो म्हणणारे भेटतील, तुटलेलं सील त्याने परत येत नाही. पण चौकट धड असेल तर फक्त काचेचा तो डबा बदलता येतो, पूर्ण खिडकी नाही. दोन डबे आणि दहा हजार पौंड यात केवढा फरक ते तुम्हीच बघा.

आतले ओघळ हे तुमच्या घरातल्या वाफेचे. बंद स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, फोडण्या, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, ते पाणी जाणार कुठे? गार काचेवर आणि गार कोपऱ्यात. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा, दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, भिंती गार व्हायच्या आत हवा बदलते. हे न करता नवीन घट्ट खिडक्या बसवल्या तर बुरशी वाढेल, कारण जुन्या फटीतून थोडीफार वाफ जात होती तीही बंद.

पुढे कधी पूर्ण खिडक्या बदलल्या तर इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून बदललेल्या खिडकीची यू-व्हॅल्यू साधारण १.४ पर्यंतच चालते, आणि तिकडे ऊन आत येऊ द्यायचंय, म्हणून वर पुण्याच्या वाचकाला सांगितलेली ऊन अडवणारी काच तुम्ही घेऊ नका. बसवणारा फेन्सासारख्या योजनेत नोंदलेला असेल तर तो सर्टिफिकेट देतो, जपून ठेवा, घर विकताना वकील मागतात.

प्रश्न : लो-ई काच लावली म्हणून बिल लावलंय, खरंच लावलीय का कसं ओळखू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अंधार पडल्यावर खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च काचेजवळ तिरपा धरा. डबल काचेत चार प्रतिबिंबं दिसतील, प्रत्येक पृष्ठभागाचं एक. कोटिंग असेल तर चारातल्या एकाचा रंग वेगळा दिसतो, जरा गुलाबी किंवा हिरवट. बाहेरून मोजत ते दुसरं असलं पाहिजे. चारही सारखीच दिसली तर फॅब्रिकेटरला घरी बोलवा आणि त्याच्याच हातात टॉर्च द्या.